पक्ष्यांचे कूळ : जालावरील एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने कोर्सेरा ह्या शैक्षणिक मंचावर उपलब्ध करून दिलेला, थेरोपॉड डायनोसॉर आणि पक्ष्यांचा उगम ह्या विषयावरील इंग्रजी अभ्यासक्रम हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे. थेरोपॉड म्हणजे मागील दोन पायांवर चालणारे, बहुतांशी मांसाहारी असे डायनोसॉर. अभ्यासक्रमाचे पाठ पाच असून फिलिप करी हे नामवंत पुराजीववैज्ञानिक त्याचे अध्यापक आहेत. थेरोपॉडांची शरीररचना, त्यांचे वैविध्य, त्यांचा क्रमविकास आणि उड्डाणाच्या उगमासंबंधीच्या निरनिराळ्या उपपत्ती असा त्याचा आवाका आहे. डायनोसॉरांच्या अस्थी ज्यांनी स्वतः खडकांतून काढल्या, अशा अभ्यासकाचे विवेचन सोलापुरात बसून ऐकता यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तथापि केवळ कौतुकाने हा विषय संपत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी 'स्वयम्' ह्या शासकीय मंचावरील अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविण्याची मुभा दिली. प्रस्तुत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरील नाही. परंतु जालावरील अध्ययन हा आता फावल्या वेळचा छंद राहिलेला नसून पदवीचा भाग होऊ पाहत आहे, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे. म्हणून अशा पाठांतून विद्यार्थ्याच्या हाती नेमके काय पडते व काय पडावयाचे राहते, ह्याचा विचार विद्यापीठीय विभागांनी केला पाहिजे. पक्ष्यांच्या उगमाचा विषय त्या विचारास विशेष सोयीचा आहे. कारण ह्या विषयाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो, पण त्या निष्कर्षापर्यंतची वाट मात्र शतकाहून अधिक लांबीची आणि वळणावळणाची आहे.

त्या वाटेचे स्थूल दर्शन येथे घडविणे आवश्यक आहे. बव्हेरियातील चुनखडीच्या खाणींत १८६१ मध्ये आर्किऑप्टेरिक्सचे अवशेष उजेडात आले. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या ह्या प्राण्यास पिसे होती, तसेच दात आणि लांब अस्थिमय शेपूटही होती. १८६८ च्या सुमारास टॉमस हेन्री हक्सली ह्यांनी पक्षी व डायनोसॉर ह्यांच्या अस्थींतील साम्य दाखवून दोहोंचे नाते सुचविले. येथेच प्रश्न सुटला असता. पण तसे झाले नाही. डॅनिश चित्रकार व अभ्यासक गेरहार्ड हाइलमान ह्यांनी १९२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सर्व साम्य बारकाईने नोंदविले, आणि तरीही नाते नाकारले. त्यांचा आक्षेप एकाच हाडापुरता होता. पक्ष्यांत दोन्ही जत्रुके, म्हणजे गळपट्टीची हाडे, एकत्र जुळून एक दुबेळके हाड बनलेले असते. थेरोपॉडांत जत्रुके आढळत नाहीत. एकदा लोपलेला अवयव पुन्हा अवतरत नाही. म्हणून थेरोपॉड हे पक्ष्यांचे पूर्वज असू शकत नाहीत, असे त्यांचे अनुमान होते. त्यांनी पूर्वजांचा शोध अधिक प्राचीन सरीसृपांत घेतला आणि पुढील कित्येक दशके हेच मत प्रमाण मानले गेले.

हाइलमान ह्यांचे तर्कशास्त्र निर्दोष होते. सदोष होते ते आधारविधान. हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न ह्यांनी १९२४ मध्ये वर्णिलेल्या ओव्हिरॅप्टर ह्या थेरोपॉडात ते दुबेळके हाड उपस्थित होते. त्याची ओळख मात्र चुकीची पटविली गेली होती. म्हणजे जो पुरावा अस्तित्वात नाही असे समजले जात होते, तो ग्रंथ निघण्यापूर्वीच छापून झालेला होता! पुढे जॉन ऑस्ट्रम ह्यांनी १९६४ मध्ये मोंटाना येथे सापडलेल्या डायनोनिकसचे वर्णन १९६९ मध्ये केले आणि त्याच्या मनगटाची व हाताची तुलना आर्किऑप्टेरिक्सशी करून हक्सलींचे मत पुनरुज्जीवित केले. ह्याच ऑस्ट्रम ह्यांनी १९७० मध्ये हार्लेम येथील संग्रहालयात टेरोसॉर, म्हणजे उडता सरीसृप, ह्या नावाखाली शतकभर पडून असलेला एक नमुना आर्किऑप्टेरिक्सचा म्हणून ओळखला. गंमत अशी की, त्याच नमुन्यास २०१७ मध्ये आर्किऑप्टेरिक्सपासून वेगळे काढून ऑस्ट्रोमिया हे नवे नाव देण्यात आले. १९९६ पासून चीनमधील ल्याओनिंग प्रांतात पिसे असलेले डायनोसॉर सापडू लागले आणि पिसे ही उड्डाणाच्या आधीची आहेत, हे दिसून आले.

ह्या इतिहासाच्या प्रकाशात जालावरील पाठांची मर्यादा स्पष्ट होते. अशा पाठांची परीक्षा बहुधा पर्यायांतून योग्य उत्तर निवडण्याची असते. असंख्य विद्यार्थ्यांचे मूल्यमापन यंत्राने करावयाचे म्हटल्यावर दुसरा उपायही नाही. परंतु कल्पना करावी की, अशी परीक्षा १९३० मध्ये झाली असती. तर हाइलमान ह्यांचे मत लिहिणाऱ्यास पूर्ण गुण आणि हक्सलींचे मत लिहिणाऱ्यास शून्य मिळाले असते. आज ह्याच्या उलट होईल. दोन्ही प्रसंगी परीक्षा झाली ती स्मरणाची. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. साम्य कोणते आणि नाते कोणते ह्याचा विवेक करावा लागतो. चिठ्ठीपेक्षा अस्थी वाचावी: ह्या विषयाची ही खरी शिकवण होय, आणि ती पर्यायांच्या चौकटीत बसत नाही. आरंभीच्या विद्यार्थ्यास वादांत कशाला ओढावे, असे कोणी म्हणेल. शालेय स्तरावर ते मान्य करता येईल. परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्यास निष्कर्ष द्यावा आणि त्याची कारणे झाकून ठेवावी, हे त्यास अधिकारच नाकारण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा भाषेचा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी आपला विद्यार्थी त्यावर विचार करतो तो मराठीतच. आणि आपले शब्द तटस्थ नाहीत. 'उत्क्रांती'तील 'उत्' वर चढण्याची सूचना देतो. 'क्रमविकासा'तील विकास प्रगतीची. त्यामुळे डायनोसॉर 'सुधारत' जाऊन पक्षी झाले, असा समज नकळत रुजतो. 'हरवलेला दुवा' हा शब्दप्रयोग तर वंशाची एक सरळ साखळी कल्पितो. वस्तुतः आपल्या समाजास वंशावळ वाचण्याची सवय जुनी आहे. एका मूळ पुरुषाच्या अनेक शाखा, त्यांतील काही निर्वंश, काही दूर देशी नांदणाऱ्या, हे चित्र कोणासही उमजते. आर्किऑप्टेरिक्स हा आजच्या पक्ष्यांचा सख्खा आजा असेलच असे नाही. तो चुलत घराण्यातला मानावा. आणि पक्षी हे डायनोसॉरांपासून 'निघून गेलेले' नसून त्याच कुळाची आज नांदती राहिलेली एकमेव शाखा आहेत. अशी मांडणी मराठीतून केली, तर परकीय परिभाषेचे ओझे पुष्कळसे हलके होते. सोलापूरचे सुपुत्र मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) ह्यांनी 'पक्षिकोशा'च्या रूपाने पक्ष्यांविषयीच्या मराठी शब्दांचे जे धन जमविले, ते पाहता आपली भाषा ह्या कामी असमर्थ आहे असे म्हणता येणार नाही.

तिसरा मुद्दा प्रत्यक्षाचा. सोलापूर दक्षिणेच्या बसाल्टी खडकावर वसले आहे. ह्या लाव्ह्याचे प्रमुख उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचे, म्हणजे पक्ष्यांखेरीज इतर सारे डायनोसॉर नष्ट झाले त्याच कालखंडाच्या आसपासचे आहेत. लाव्ह्यात अस्थी शोधण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात डायनोसॉरांचे अवशेष आहेत ते चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील गाळाच्या थरांत. आणि २००३ मध्ये वर्णिलेला नर्मदाकाठचा राजासॉरस हा थेरोपॉड असला, तरी पक्ष्यांच्या शाखेपासून दूरचा होता. तेव्हा स्थानिक अभिमानापोटी ह्या कथेत आपले स्थान नसते तेथे निर्माण करण्याचे कारण नाही.

परंतु स्थानिक सामग्री निराळ्या प्रकारे उपयोगी पडते. उत्तर सोलापुरातील नान्नजचे माळरान १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य म्हणून राखण्यात आले. आज तेथे ह्या पक्ष्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. माळढोकाच्या पायास मागचे बोट नसते. बोटे तीन, आणि तीनही पुढे वळलेली. हा पाय पाहून थेरोपॉडाच्या पाउलाची आठवण होते व माळढोक हा त्याच्या अधिक जवळचा, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. ते अनुमान चूक आहे. त्याच्या पूर्वजांना मागचे बोट होते. जमिनीवर चालणाऱ्या ह्या पक्ष्यात ते नंतर लोपले. साम्य आणि नाते ह्यांतील भेद शिकविण्यास ह्याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि ते दुबेळके हाड तर बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही कोंबडीच्या गळ्याशी, उरोस्थीच्या वर, हाताने चाचपता येते.

सारांश, अल्बर्टा विद्यापीठाचा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. तज्ज्ञाचे विवेचन व दूरदेशीचे नमुने आपल्या विभागास अन्यथा उपलब्ध होणारे नाहीत. परंतु अशा पाठांस श्रेयांक द्यावयाचे झाल्यास विभागाने दोन गोष्टी त्यांस जोडाव्या. प्रत्येक विद्यार्थ्याने एका कोंबडीचा सांगाडा स्वतः स्वच्छ करून, मांडून, त्यातील थेरोपॉडांशी समान अशी लक्षणे नोंदवावी. नंतर हाइलमान ह्यांचा आक्षेप व त्याचे निरसन स्वतःच्या मराठीत लिहावे आणि त्याचा कच्चा दुवा कोणता, हे सांगावे. पहिल्या कामास एक दुपार पुरते, दुसऱ्यास एक आठवडा. ही दोन कामे ज्याने केली, त्यास पक्षी डायनोसॉर आहेत हे केवळ ठाऊक असणार नाही. उद्या त्याविरुद्ध नवा पुरावा पुढे आला, तर तो कसा तपासावा हेही त्यास कळेल.