चिठ्ठ्यांतून झालेले 'आम्ही'

इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंना 1954 साली तेथे पाठविण्यात आले. शाळेने नापास करून घरी बसविलेली शेतकऱ्यांची मुले त्यांनी गोळा केली आणि चर्चला लागून असलेल्या घरात शाळा चालविली. त्यांतील आठ मुलांनी 1967 साली एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले. आपल्याकडे त्याची दखल शिक्षणविषयक पुस्तक म्हणूनच घेतली गेली. आम्हाला मात्र त्याची लेखनपद्धती जास्त विचारात घ्यावीशी वाटते.

ही मुले खिशात छोटी वही बाळगत. जे सुचेल, आठवेल, डाचेल ते टिपून ठेवत. प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर, कागदाच्या एकाच बाजूला. मग साऱ्या चिठ्ठ्या टेबलावर यायच्या. एकाने लिहिलेले दुसरा वाचायचा. सारखे असेल ते बाजूला, उरलेल्यांचे गठ्ठे, गठ्ठ्यांची प्रकरणे. नंतर एकेका वाक्यावर वाद. कोणता शब्द गाळता येईल, कोणता पोकळ आहे, हे सोबत्यानेच सांगायचे. एका पुस्तकासाठी हे काम सुमारे वर्षभर चालले.

यात मुले काय शिकली? नापास होणे ही आपली एकट्याची लाज आहे, असे प्रत्येकाला वाटत होते. सोबत्याच्या चिठ्ठीत तीच गोष्ट वाचल्यावर तिचा अर्थ पालटला. पुस्तकातला जान्नी हा शेतकऱ्याचा मुलगा आणि पिएरिनो हा डॉक्टरचा. पिएरिनो घरूनच शाळेची भाषा घेऊन येतो. जान्नीच्या घरची भाषा शाळेच्या लेखी चूकच ठरते. घरी दखनी आणि शाळेत मराठी अशा दोन उंबऱ्यांवर वाढलेल्या आमच्यातल्या कुणालाही हा जान्नी परका वाटणार नाही. 'माझा आवडता सण' या विषयावर ईद मनात असूनही मुलगा दिवाळी लिहितो, कारण गाईडात दिवाळी तयार असते. त्याचा निबंध शिक्षक तपासतात. शेजारच्या बाकावरचा मुलगा तो कधीच वाचत नाही. वाचला तरी त्यात त्याला सोबती सापडणार नाही, गाईडच सापडेल.

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लेखनात 'आम्ही' हा शब्द वरचेवर येतो. तो यायलाच हवा होता. पण स्पष्ट बोलायचे तर आपला 'आम्ही' पुष्कळदा चिठ्ठ्या जमण्याआधीच तयार झालेला असतो. मोहल्ला, दंगल, संशयाची नजर हे विषय खरे आहेत, पण एकाची कविता दुसऱ्याच्या नावावर खपावी इतक्या त्या सारख्या होतात. बार्बियानाच्या मुलांनी सारखे ते बाजूला काढले. आपण तेवढेच ठेवतो.

या पद्धतीत तोटाही आहे. आठ जणांचा एक आवाज करताना कुणाचे तरी एकट्याचे दुःख गळून पडलेच असेल. पुस्तकाचा सूर आरोपपत्राचा आहे. त्यात हळवी जागा फार थोडी. आणि लिहिणारे आठही जण मुलगेच. मुली शाळेपर्यंत का पोचत नाहीत, याचा ओझरता उल्लेख पुस्तकात आहे. पण तोही मुलग्यांनीच केलेला.

आपल्याकडे मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' 1995 साली आले. नावातच 'मी' आहे. चळवळीच्या सामुदायिक भाषेत न मावणारे घर, संसार आणि नवऱ्याचे आजारपण त्यात आले. आपल्या टेबलावरची ती एक चिठ्ठी. तिच्याशेजारी ठेवायला तशा आणखी किती आहेत, हे मोजायला फार वेळ लागत नाही.