शंभराची पट्टी

शाळा किती लहान झाली म्हणजे ती चालवू नये? हा प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. त्याचे उत्तर आकड्यात देणारे थोडे. जेम्स ब्रायंट कॉनंट यांनी ते दिले. १९५९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'द अमेरिकन हायस्कूल टुडे' या त्यांच्या छोट्या पुस्तकात असे म्हटले आहे, की ज्या हायस्कुलातून दर वर्षी किमान शंभर विद्यार्थी बारावी होऊन बाहेर पडत नाहीत ते पुरेसे मोठे नाही. पुस्तक जुने झाले, पण त्यातली पट्टी अजून वापरात आहे. पट पाहून शाळेचे भवितव्य ठरवण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. विज्ञान शिकवणाऱ्यांना मोजमापाची सवय असते. म्हणून ही पट्टी नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, ते आम्ही येथे तपासणार आहोत.

कॉनंट हे मुळात रसायनशास्त्रज्ञ. हार्वर्ड विद्यापीठाचे ते वीस वर्षे, म्हणजे १९३३ ते १९५३ पर्यंत, अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि आपल्या शाळांत विज्ञान नीट शिकवले जात नाही, या विचाराने अमेरिका अस्वस्थ झाली. त्या वातावरणात हे पुस्तक आले आणि गावोगावच्या शाळा मंडळांनी ते वाचले. त्यात एकवीस शिफारशी आहेत. लहान हायस्कुले एकत्र करून त्यांची संख्या घटवणे, हे काम कॉनंट सर्वांत तातडीच्या कामांत धरतात. त्या वेळच्या सुमारे २१,००० सार्वजनिक हायस्कुलांपैकी १७,००० हायस्कुले त्यांच्या पट्टीला उतरत नव्हती.

त्यांचा हिशेब साधा आहे. पदार्थविज्ञान, उच्च गणित किंवा परकीय भाषा खोलवर शिकू शकणारी मुले ते साधारण १५ टक्के धरतात. बारावीला शंभर मुले असतील तर अशी पंधरा निघतील, आणि पंधरा मुलांसाठी एक जाणकार शिक्षक व एक प्रयोगशाळा परवडते. बारावीला वीसच मुले असतील तर अशी तीन निघतील. तिघांसाठी वेगळा पदार्थविज्ञान शिक्षक कोण नेमणार? मग एकच शिक्षक गणित, रसायन, जीवशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवतो, आणि त्यातले एखाद-दोन विषयच त्याचे स्वतःचे असतात. ज्या मुलीला पुढे अभियंता व्हायचे आहे, तिचे नुकसान तिला कळण्याआधीच झालेले असते. हा आक्षेप खरा आहे. छोट्या शाळेच्या प्रेमापोटी तो झटकून टाकणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

पण हा हिशेब कशाचा आहे, ते नीट पाहावे. तो एका वर्गाचा हिशेब आहे. कॉनंट त्याचा निष्कर्ष मात्र संपूर्ण शाळेला लावतात, आणि शाळेबरोबर ती चालवणाऱ्या गावालाही. येथे तर्काची एक पायरी गळली आहे. ती दिसायची तर अमेरिकेतील छोटी ग्रामीण शाळा चालते कशी, हे माहीत हवे.

तेथे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणून एक घटक असतो. आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. फक्त शाळा चालवण्यासाठी असलेली ती एक स्थानिक संस्था आहे. तिचे मंडळ लोक निवडून देतात. सभासद बहुधा पाच किंवा सात, आणि लहान गावांत बहुतेक बिनपगारी. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार. अंदाजपत्रक मंजूर करणे, सुपरिंटेंडेंट नेमणे आणि राज्याच्या कायद्याच्या मर्यादेत घर-जमिनीवरचा शाळेचा कर ठरवणे ही त्यांची कामे. देशभराचा विचार केला तर शाळांच्या पैशात राज्याचा आणि स्थानिक करांचा वाटा जवळपास सारखा असतो, केंद्र सरकारचा त्याहून बराच कमी.

अगदी छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये सुपरिंटेंडेंटच मुख्याध्यापक असतो आणि वेळ पडली तर शाळेची बसही चालवतो. ऐंशी मुलांच्या डिस्ट्रिक्टमधून चार मुलांचे एक कुटुंब गाव सोडून गेले तर पट एका दिवसात पाच टक्क्यांनी घटतो आणि पटाशी बांधलेले राज्याचे अनुदानही हलते. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलाला योग्य शिक्षण देणे १९७५ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. असे एक मूल आले तरी त्यासाठी लागणारा तज्ज्ञ शोधावाच लागतो. म्हणजे छोटेपणाची किंमत आहे आणि ती दर वर्षी मोजावी लागते. पण त्या मंडळाच्या बैठकीत बसलेल्या माणसाला शाळेतले प्रत्येक मूल नावाने माहीत असते, आणि कर वाढवला तर शेजाऱ्याला उत्तर द्यावे लागते. ही गोष्ट शंभराच्या पट्टीवर कोठेच येत नाही. छोट्या शाळांना भूगोलापेक्षा माणसांचा हट्टच अधिक कारणीभूत आहे, असे कॉनंट सुचवतात. तो हट्ट नेमका कशासाठी आहे, हे मात्र ते विचारत नाहीत.

दुसरे न मोजलेले माप पाच वर्षांनी पुढे आले. कॅन्सस विद्यापीठातील रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी कॅन्ससमधील हायस्कुलांचा अभ्यास करून १९६४ मध्ये 'बिग स्कूल, स्मॉल स्कूल' हे पुस्तक लिहिले. त्यांच्या शाळांचा पट ३५ पासून २,२८७ पर्यंत होता. शाळेत मुले जेथे काहीतरी करतात अशी ठिकाणे त्यांनी मोजली: वर्ग, सामना, नाटकाची तालीम, वाद्यवृंद, सभा. सर्वांत मोठ्या शाळेत सर्वांत लहान शाळेच्या ६५ पट मुले होती, पण अशी ठिकाणे फक्त आठपट, आणि त्यांचे प्रकार जेमतेम दीडपट. याचा अर्थ उघड आहे. मोठ्या शाळेत नाटक होते आणि बहुतेक मुले ते पाहतात. छोट्या शाळेत नाटक व्हायचे तर मागच्या बाकावरच्या मुलालाही त्यात काम करावे लागते. जबाबदारीची कामे करणाऱ्या मुलांचे प्रमाण छोट्या शाळांत जास्त आढळले.

या अभ्यासालाही मर्यादा आहे. बार्कर आणि गंप यांनी सहभाग मोजला. पदार्थविज्ञान किती समजले, ते मोजले नाही. तेव्हा या पुस्तकाने कॉनंट खोटे ठरत नाहीत; ते अपुरे ठरतात. एका पट्टीवर लहान शाळा कमी भरते, दुसरीवर जास्त. अशा वेळी एकच पट्टी हाती धरून शाळा बंद करणे हे शास्त्रीय म्हणता येणार नाही.

मग त्या तीन मुलांच्या पदार्थविज्ञानाचे काय? याची उत्तरे छोट्या डिस्ट्रिक्टनी स्वतःच शोधली आहेत. अनेक ठिकाणी एका वर्षी पदार्थविज्ञान आणि दुसऱ्या वर्षी रसायन शिकवतात व अकरावी-बारावीची मुले एकत्र बसतात. तिघांचा वर्ग सहा-सातांचा होतो. शेजारच्या डिस्ट्रिक्टशी शिक्षक वाटून घेतात. न्यूयॉर्क राज्याने १९४८ मध्येच कायदा करून अनेक डिस्ट्रिक्टना मिळून सेवा चालवण्याची सोय केली, नेब्रास्काने १९६५ मध्ये. वाचादोषाचा तज्ज्ञ, विशेष शिक्षक, सामानाची खरेदी, शिक्षकांचे प्रशिक्षण हे सामाईक. शाळा ज्याच्या त्याच्या गावात. न्यूयॉर्कची व्यवस्था कॉनंट यांचे पुस्तक येण्यापूर्वी अकरा वर्षे चालू होती.

याच विचाराचे एक गमतीदार उदाहरण खेळात आहे. नेब्रास्कातील छोट्या शाळांत अमेरिकन फुटबॉलसाठी अकरा मुले जमत नसत. १९३४ मध्ये स्टीफन एप्लर या शिक्षकाने सहा खेळाडूंचा फुटबॉल तयार केला, मैदान लहान केले, नियम बदलले. हा खेळ छोट्या शाळांत आजही खेळला जातो. कॉनंट यांच्या पद्धतीने विचार केला असता तर अकरा मुले जमेपर्यंत शाळा एकत्र कराव्या लागल्या असत्या. एप्लरने मुले मोजली आणि खेळ बदलला.

प्रत्यक्षात देश एप्लरच्या वाटेने फारसा गेला नाही. १९३९-४० मध्ये अमेरिकेत १,१७,१०८ डिस्ट्रिक्ट होते. १९७०-७१ पर्यंत ते १८,००० च्या आत आले आणि आज सुमारे १३,००० उरले आहेत. ही लाट कॉनंट यांच्या आधीच सुरू झाली होती. त्यांनी तिला एक आकडा आणि एका शास्त्रज्ञाचे वजन दिले. आकडा हाती असला की चर्चा लवकर संपते. नेब्रास्काने २००५ मध्ये केवळ प्राथमिक शाळा चालवणारे छोटे डिस्ट्रिक्ट विसर्जित करण्याचा कायदा केला. नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी तो कायदा रद्द केला; पण तोवर डिस्ट्रिक्ट विसर्जित झाले होते. मोडलेले मंडळ मतपेटीतून परत आले नाही. शाळा बंद करण्याचा प्रयोग उलट करून पाहता येत नाही, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे डिस्ट्रिक्टसारखी करवसुली करणारी गावमंडळे नाहीत, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण प्रश्न आपल्या दाराशी आहेच. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण आयुक्तालयाने वीसपर्यंत पट असलेल्या शाळांसाठी समूहशाळांचे प्रस्ताव मागवले. त्याआधी १९६६ च्या अहवालात कोठारी आयोगाने शाळासंकुल सुचवले होते. शब्द जवळचे वाटतात, पण अर्थ वेगळे आहेत. संकुलात शाळा जागच्या जागी राहतात आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक वाटून घेतात. समूहशाळेत मुले गाव सोडून एका जागी येतात.

पुढच्या वेळी केंद्राच्या बैठकीत पटाचा तक्ता समोर येईल तेव्हा आपल्या वाचकांनी एवढेच विचारावे: या शाळेत कमी काय पडते आहे? प्रयोगशाळा कमी पडत असेल तर प्रयोगशाळा आणावी, शिक्षक कमी पडत असेल तर आठवड्यातून दोन दिवस शिक्षक यावा. आणि बंद करायचीच असेल, तर रोज किती मिनिटांचा प्रवास लहान मुलांच्या वाट्याला येईल तो रकानाही त्याच तक्त्यात असावा.