अम्मीच्या तोंडची दखनी

‘मेरे को नको’ म्हणणाऱ्या मुलाला उर्दूच्या तासाला सर थांबवतात. ‘नको’ नाही, ‘नहीं चाहिए’ म्हण. लगेच मराठीचा तास होतो आणि तोच ‘नको’ शुद्ध ठरतो. सोलापूर-मराठवाड्याकडच्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे भोगले आहे. आमच्यातले जे शिक्षक झाले, त्यांनी ते पुढच्या पिढीलाही दिले. ‘लोगाँ’, ‘बाताँ’खाली लाल रेघ ओढताना ही चूक नव्हे, दखनीचे रीतसर अनेकवचन आहे, हे आम्ही कधी सांगितले नाही. ‘ऐसाइच’मधला ‘च’ मराठीतून आला, हेही नाही. किताबी उर्दू शिकवायलाच हवी. पण ती दुसरी बोली म्हणून शिकवावी, पहिलीची दुरुस्ती म्हणून नव्हे. घरी ‘लोगाँ’, वहीत ‘लोग’, असे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तर मुलाला फरक कळतो आणि त्याची आई अडाणी ठरत नाही.

आमच्या साहित्यात मात्र तो लाल रेघेचा तास अजून संपलेला नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या पिढीच्या लेखनातून मुस्लिम घरातली माणसे आपल्या बोलीत बोलू लागली. मराठी कथेतला मुसलमान एरवी बऱ्याचदा मोडके हिंदी बोलून हशा पिकवण्यापुरताच येई. त्या मानाने हे मोठेच काम. पण नीट वाचले तर काय दिसते? अम्मी भांडते, रडते, दुआ देते तेवढी दखनीत. निवेदक विचार करू लागला की प्रमाण मराठी सुरू. पात्राच्या तोंडी बोली चालते, ही लेखननियमांतली सवलत आम्ही हक्क समजून बसलो.

या बोलीत विचार पेलत नाही म्हणावे, तर वजहीने १६३५ साली ‘सबरस’ हे अख्खे गद्य रूपक दखनीत लिहिले. त्यातली पात्रे कोण? अक्ल, इश्क, हुस्न, दिल.

मराठी लेखनात दखनी किती चालवायची, हा प्रश्न रास्तच आहे. एका नव्या लेखकाने निवेदनातच दखनी वाक्ये घातली होती. आम्ही त्याला कंसात अर्थ द्यायला सांगितले. त्याने विचारले, “वाचणारे आपलेच ना? मग अर्थ कुणासाठी?” आम्ही कंस काढून कथा परत वाचली. एकही वाक्य अडले नाही.