सोडून दिलेला गड पडद्यावर कधी येणार?

दिग्पाल लांजेकर यांचे दोन चित्रपट पन्हाळ्याभोवती फिरतात. ‘पावनखिंड’ (२०२२) १६६० च्या वेढ्यातून शिवाजी महाराज कसे निसटले ते सांगतो. ‘फर्जंद’ (२०१८) मध्ये कोंडाजी फर्जंद १६७३ साली साठ मावळ्यांनिशी हाच गड पुन्हा जिंकतो. मग मधल्या तेरा वर्षांत गड कोणाकडे होता? महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले आणि सप्टेंबर १६६० मध्ये त्यांच्याच आज्ञेने किल्लेदार त्र्यंबक भास्करांनी पन्हाळा आदिलशाहीच्या हवाली केला. पुण्यात मुघल सरदार शायिस्तेखान तळ ठोकून होता, दोन आघाड्यांवर लढण्याइतके बळ नव्हते. एवढा मोठा, एवढा शहाणा निर्णय दोन चित्रपटांच्या मधल्या फटीत पडला आहे. मराठी ऐतिहासिक चित्रपटाचे आजचे दुखणे मला तिथेच दिसते. त्याला मरण रंगवता येते, माघार रंगवता येत नाही.

या परंपरेचे मूळ पन्हाळ्याच्या पायथ्याशी, कोल्हापुरातच आहे. बाबूराव पेंटरांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ (१९२३) हा मूकपट काढला. ‘प्रभात’ने कोल्हापुरात असताना काढलेल्या शिवचरित्रपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ होते. ब्रिटिश सेन्सॉरला ते खुपले आणि १९३० मध्ये तो ‘उदयकाल’ म्हणून प्रदर्शित झाला. सरकारला शीर्षकाचीही धास्ती वाटावी, इतका तो इतिहास वर्तमानाशी बोलत होता. पुढे भालजी पेंढारकरांनी ‘नेताजी पालकर’पासून ‘छत्रपती शिवाजी’पर्यंत (१९५२) आणि ‘पावनखिंड’पासून (१९५६) ‘गनिमी कावा’पर्यंत हा प्रकार एकहाती सांभाळला. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला, तरी ते पुन्हा उभे राहिले. त्यांच्याकडे पैसा बेताचा होता, पण घोडा खरा होता आणि संवादात मराठी मातीचा कस होता.

त्याच काळात हॉलिवूडला प्राचीन रोमने झपाटले होते. ‘बेन-हर’साठी (१९५९) रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओत रथशर्यतीचे प्रचंड मैदान उभारले गेले. संगणक नव्हताच, प्रेक्षकाच्या अंगावर आलेली धूळ खऱ्या घोड्यांनी उडवलेली होती. पण मला त्या चित्रपटांचे मोल भव्यतेत कमी आणि पराभव दाखवण्याच्या धैर्यात जास्त वाटते. ‘स्पार्टाकस’ (१९६०) गुलामांच्या पराभवावर संपतो. रस्त्याच्या कडेने क्रूसांची रांग दिसते आणि बंडाचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही. त्याचा पटकथाकार डाल्टन ट्रम्बो हॉलिवूडच्या काळ्या यादीतला. त्याने प्राचीन रोमच्या आडून आपल्याच काळाला जाब विचारला. ‘द फॉल ऑफ द रोमन एम्पायर’ने (१९६४) तर ऱ्हासालाच शीर्षकात बसवले. तो गल्ल्यावर कोसळला, आणि नुसत्या सेटच्या आकारावर कोणताही प्रकार तगत नाही हेही त्याने शिकवले.

आजच्या शिवपटांनी मराठी प्रेक्षक चित्रपटगृहात परत आणला, घराघरात कोंडाजीचे नाव पोहोचवले. ‘पावनखिंड’मध्ये अजय पूरकरांचा, खिंड अडवून मरणारा बाजीप्रभू मनात राहतो. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही प्रत्येक चित्रपटाचा साचा तोच होत चालला आहे. मसलत, शपथ, पोवाडा, मंदगतीतली तलवारबाजी आणि घोषणा. शत्रू गुरगुरतो, विचार करत नाही. महाराजांना सगळे आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्यांच्या बुद्धीला पडद्यावर कामच उरत नाही.

पन्हाळ्याच्या वेढ्यात मात्र नाट्य ओसंडून वाहते. मार्च ते जुलै, चार महिन्यांहून अधिक काळ. आदिलशाही सरदार सिद्दी जौहर पावसातही मोर्चे उठवत नाही. राजापूरचे इंग्रज व्यापारी तोफा घेऊन येतात आणि आपले निशाण फडकवून गडावर मारा करतात. महाराजांचा सरनोबत नेताजी पालकर बाहेरून वेढा फोडू पाहतो, ते जमत नाही. आत अंबरखान्यातले धान्य रोज उतरत असते. त्या कोठारांच्या भिंती आजही उभ्या आहेत आणि वेढा म्हणजे काय ते कोणत्याही संवादापेक्षा स्वच्छ सांगतात. शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसतो, तेव्हा आपण मरायला निघालो आहोत हे तो जाणून असतो. हे सारे पूर्वतयारी म्हणून उरकायचे आणि खिंडीकडे धावायचे, हा त्या माणसांच्या धीरावर अन्याय आहे.

चित्रीकरणासाठी संरक्षित गडावर युद्ध उभे करणे शक्य नाही, योग्यही नाही. संगणकाची मदत लागणारच. पण तटाची उंची, मसाई पठारावरचा चिखल, रात्रीच्या वाटेची लांबी हा कथेचा कणा आहे. तो पटकथेत नसेल तर संगणकाने रचलेला गड पोकळच दिसणार.

२०२५ मध्ये पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता जग या गडाची गोष्ट विचारील. त्याला उत्तर देणारा पुढचा चित्रपट त्र्यंबक भास्करांवर निघावा, असे मनापासून वाटते. महिनोन्‌महिने राखलेला गड राजाच्या शब्दाखातर शत्रूला देणारा किल्लेदार, आणि स्वराज्य वाचवण्यासाठी तो द्यायला सांगणारा राजा. शिवाजी महाराजांचे मोठेपण अशा हिशेबी, जड निर्णयांतही आहे. ते दाखवण्याची हिंमत आपल्या दिग्दर्शकांनी करावी. मराठी प्रेक्षक ते पेलण्याइतका नक्कीच सुजाण आहे.