मॅलेसनचें मत व तात्या टोपे यांची फांशी

तात्या टोपे यांस ७ एप्रिल १८५९ रोजीं पकडण्यांत आलें, ता. १० रोजीं मुशैरीच्या छावणींत त्यांची जबानी झाली, ता. १५ रोजीं शिप्री येथें कोर्टमार्शल बसलें आणि ता. १८ रोजीं त्यांस फांशीं दिलें. या शिक्षेच्या न्याय्यतेविषयीं कर्नल मॅलेसन यानें आपल्या इतिहासांत शंका प्रगट केली आहे. ती विजेत्यांपैकींच एकाची म्हणून आपल्याकडे मोठ्या आदरानें पुढें करण्यांत येते. परंतु तिचा आधार तपासणें अवश्य आहे.

मॅलेसन म्हणतो कीं, तात्यांच्या जन्मकाळीं, म्हणजे सुमारें १८१२ सालीं, त्यांचा धनी स्वतंत्र राज्यकर्ता होता. सबब इंग्रजांशीं इमान राखण्याचें बंधन तात्यांवर नव्हतें. हा युक्तिवाद लंगडा आहे. पेशवाई १८१८ सालीं बुडाली तेव्हां तात्या लहान मूल होते; ते वाढले ते कंपनीच्या मुलखांत, ब्रह्मावर्तीं.

खरा मुद्दा निराळाच आहे. १८५७ च्या कायद्यांनीं सेनाधिकाऱ्यांस कोर्टमार्शल नेमण्याचा व त्याची शिक्षा जागच्या जागीं कायम करण्याचा अधिकार दिला होता. या अधिकारास १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानें मर्यादा घातली. इंग्रज प्रजेच्या खुनांत प्रत्यक्ष भाग घेणारांस क्षमा नव्हती. मात्र १ जानेवारी १८५९ पूर्वीं शरण येणाऱ्या बंडाच्या पुढाऱ्यांस जीवदान कबूल होतें. म्हणजे पुढारीपण हा अक्षम्य गुन्हा नव्हे, हें सरकारनेंच मान्य केलें होतें. तात्यांवरील आरोप डिसेंबर १८५८ पर्यंत बंड व युद्ध केल्याचा, खुनाचा नव्हे. मग प्राण गेला तो मुदत टळल्यामुळें! मुदतीनंतर दया करणें सरकारच्या हातीं. पण निकाल व अंमल यांत तीनच दिवस. पकडणारें सैन्य तेंच न्यायाधीश झालें.

या दृष्टीनें जबानी पुन्हां वाचावी. काल्पी पडेपर्यंत नानासाहेबांचे व पुढें रावसाहेबांचे हुकूम आपण पाळले, युरोपियनांच्या हत्येंत आपला हात नाहीं, असें तींत म्हटलें आहे. हा कबुलीजबाब नव्हे. जाहीरनाम्यांतील अपवादास दिलेलें तें नेमकें उत्तर आहे. परंतु मॅलेसननें छापलेली जबानी इंग्रजी भाषांतर आहे. तिची पारख करावयाची तर नानासाहेब व रावसाहेब यांचीं तात्यांस गेलेलीं अस्सल मोडी पत्रेंच पाहिजेत. ज्यांच्या दप्तरांत असा एखादा कागद असेल त्यांनीं तो उजेडांत आणावा. मॅलेसनच्या सहानुभूतीपेक्षां त्याची साक्ष अधिक मोलाची ठरेल.