दुरुस्तीच्या अधीन राहून

लोकसभेत मतविभाजनाचा निकाल सांगताना अध्यक्ष आकड्यांच्या आधी तीन शब्द उच्चारतात : दुरुस्तीच्या अधीन राहून. एरवी या शब्दांकडे कुणाचे लक्ष जात नाही. बाजूने तीनशे आणि विरोधात चाळीस मते पडली असतील, तर दुरुस्ती होऊन होऊन किती होणार? कुणाचे बटण नीट दाबले गेले नसेल, कुणी गडबडीत भलतेच दाबले असेल. त्यांनी चिठ्ठी लिहून द्यायची आणि छापील वृत्तांतात तशी तळटीप पडायची, एवढीच त्या शब्दांची कामगिरी. १७ एप्रिल १९९९च्या शनिवारी मात्र फलकावर एका बाजूला २६९ आणि दुसऱ्या बाजूला २७० उमटले, आणि या तीन शब्दांत केवढा जीव दडला आहे ते कळले.

संसदेच्या कामकाजाचे शौकीन बहुधा भाषणांवर जीव टाकतात. नाथ पै कसे बोलत, मधू लिमये नियमावलीतले एखादे कलम काढून सरकारला कसे खिंडीत गाठत, याच्या गोष्टी आपल्याकडे अजून निघतात. हा दिवस मला आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. त्या दिवशीची खरी लज्जत वक्तृत्वात नव्हती, रीतीत होती.

मागची हकीकत थोडक्यात. २८ मार्च १९९८ रोजी अटलबिहारी वाजपेयींनी २७४ विरुद्ध २६१ मतांनी विश्वास मिळवला होता. तेरा महिनेही झाले नव्हते तोच जयललितांच्या अण्णाद्रमुकने आपल्या १८ खासदारांचा पाठिंबा काढून घेतला आणि राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी पंतप्रधानांना पुन्हा बहुमत सिद्ध करायला सांगितले.

त्यासाठी मांडायचा ठराव पाहण्यासारखा असतो. हे सभागृह मंत्रिमंडळावर विश्वास व्यक्त करते, एवढाच त्याचा आशय. कारण नाही, विशेषण नाही, कर्तबगारीची यादी नाही. गंमत म्हणजे लोकसभेच्या नियमावलीत अविश्वासाच्या ठरावाला स्वतःचा नियम आहे, १९८ क्रमांकाचा. विश्वासाच्या ठरावाला नाही. तो बापडा १८४ क्रमांकाच्या सर्वसाधारण नियमाच्या घरात पाहुण्यासारखा राहतो. कीर्तनकार अभंगाचा एक चरण घेऊन पूर्वरंग उभा करतो, तसे या एका वाक्यावर दिवसच्या दिवस निरूपण चालते. जाणकार प्रेक्षक भाषणे ऐकता ऐकता डोक्यात बेरीज करत असतो. त्या वेळची बेरीज तर जमता जमत नव्हती. द्रमुक सरकारच्या बाजूला आला होता. मायावतींच्या बहुजन समाज पक्षाचे पाच खासदार तटस्थ राहतील असे सगळे धरून चालले होते. ऐनवेळी ती पाचही मते विरोधात पडली.

त्या दिवशीचे सर्वांत नाजूक पात्र मात्र एका कोपऱ्यातले होते. ओडिशातल्या कोरापुटचे काँग्रेसचे खासदार गिरिधर गमांग १७ फेब्रुवारीला त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले होते. त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला नव्हता आणि विधानसभेवर ते अजून निवडून आले नव्हते. राज्यघटना म्हणते, एकाच व्यक्तीला संसद आणि राज्याचे विधिमंडळ या दोन्हींचे सदस्य राहता येत नाही. गमांग दोन्हींचे सदस्य नव्हतेच. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या माणसालाही सहा महिने मंत्रिपदी राहता येते, हेही घटनाच सांगते. म्हणजे अक्षराने पाहिले तर सारे चोख. तरी एका राज्याचा कारभारी दिल्लीत येऊन देशाचे सरकार राहावे की जावे यावर मत देणार, हे सत्ताधारी बाकांना खुपले.

अध्यक्षस्थानी होते जी. एम. सी. बालयोगी. तेलुगू देसमचे, म्हणजे सरकारला टेकू देणाऱ्या पक्षाचे. गमांगना मत देता येणार नाही असे ते म्हणाले असते, तर नियमाचा आधार शोधावा लागला असता आणि पक्षपाताचा डाग लागला असता. खुशाल मत द्या म्हणाले असते, तर औचित्याचा प्रश्नच नाकारल्यासारखे झाले असते. त्यांनी गोष्ट गमांग यांच्याच सदसद्विवेकावर सोपवली. काहींना ही पळवाट वाटली. मला तो निर्णय पुन्हा पुन्हा तपासावासा वाटतो, कारण त्यात अध्यक्षाने नियमाची कुंपणरेषा नेमकी ओळखली आहे. नियम संपतो तिथे अध्यक्ष संपतो. पुढे माणूस आणि त्याचे मन. गमांग यांच्या मनाने मत द्यायचा कौल दिला.

मग मतविभाजन. याचा विधी मला एखाद्या पूजेइतका पाठ आहे. अध्यक्ष आधी आवाजी मत घेतात. निकाल आवाजावर लागणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, तरी शेकडो माणसे घसा फोडून ‘हाँ’ आणि ‘ना’ ओरडतात. कौलाला आव्हान दिले जाते. लॉब्या मोकळ्या करण्याचा हुकूम होतो, साऱ्या इमारतीत घंटा वाजू लागतात, आणि साडेतीन मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. पुन्हा तोच गलका, पुन्हा आव्हान. मगच बटणे : हिरवे होकाराचे, लाल नकाराचे, पिवळे तटस्थतेचे. ज्या प्रश्नावर सरकार पडायचे तोसुद्धा दोनदा विचारायचा, यात मला मोठे शहाणपण दिसते. घाईगर्दीत कुणाचे मत हुकू नये, आणि मन बदलायचेच असेल तर त्यालाही साडेतीन मिनिटे मिळावीत.

त्या दिवशी मन कुणाचे आणि कुठे बदलले ते सगळ्या देशाने दूरदर्शनवर पाहिले. बारामुल्लाचे सैफुद्दीन सोझ यांच्या नॅशनल कॉन्फरन्सचा आदेश सरकारच्या बाजूने होता. सोझ यांनी विरोधात मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. आता जरा बेरीज करून पाहा. सोझ यांनी आदेश पाळला असता तर २७० विरुद्ध २६९, सरकार तरले. गमांग भुवनेश्वरलाच थांबले असते तर २६९ विरुद्ध २६९. आणि घटनेप्रमाणे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच देतात. म्हणजे ज्या बालयोगींनी निर्णय गमांगच्या विवेकावर सोडला होता, तो फिरून त्यांच्याच विवेकापाशी आला असता. इतकी रेखीव गाठ नाटककाराने मारली असती तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

अशी एक गाठ लंडनलाही पडली होती. २८ मार्च १९७९ रोजी जेम्स कॅलहॅन यांचे मजूर सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एकाच मताने गेले. त्यांच्या पक्षाचे खासदार सर आल्फ्रेड ब्रॉटन मरणपंथाला लागलेले असल्याने त्यांना मतदानाला आणता आले नाही. तिकडे यायला हवा होता तो येऊ शकला नाही, इकडे आला नसता तरी चालले असते तो आला. दोन्हीकडे गेले एकच मत.

मराठी वाचकाला त्या लोकसभेत आपली माणसे शोधायला दूर जावे लागत नाही. विरोधी पक्षनेते होते शरद पवार. १९९८च्या निवडणुकीत त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला ३३ मिळाल्या होत्या, आणि प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे असे रिपब्लिकन पक्षाचे चौघे एकाच वेळी लोकसभेत गेले होते.

न्यूनही सांगितले पाहिजे. या नाट्याला शेवटचा अंक नव्हता. सरकार पाडणारे २७० दुसरे सरकार उभे करू शकले नाहीत आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. पर्यायी नेता निवडल्याशिवाय चान्सेलरला हटवता येत नाही, अशी सोय जर्मनीच्या घटनेत आहे. ती इथे असती तर तो शनिवार बहुधा कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

आणि दुरुस्त्या? त्या पुढे होतच राहिल्या. पवारांची मे महिन्यात काँग्रेसमधून हकालपट्टी झाली आणि जूनमध्ये त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. वाजपेयी ऑक्टोबरमध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. सोझ पुढे काँग्रेसच्या सरकारात मंत्री झाले. गमांग २०१५मध्ये भाजपमध्ये गेले, आणि मग तिथूनही बाहेर पडले. त्या दिवशी जो तो आपापल्या बाजूला ठाम होता, पण फलकावरचे सारे आकडे खरोखरच दुरुस्तीच्या अधीन होते.

एका गोष्टीला मात्र दुरुस्ती लागली नाही. त्याच दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. एका मतासाठी कुणी रस्त्यावर उतरले नाही, सैन्याच्या बराकीत कुणी फोन केला नाही.

मतविभाजनाच्या याद्या वृत्तांतात आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने छापतात; पदाला तिथे मान नसतो. म्हणून होकाराच्या यादीत पंतप्रधान वाजपेयी हे नाव अगदी शेवटाकडे येते. पहिल्यांदाच निवडून आलेल्या खासदाराच्या नावाला जेवढी जागा, तेवढीच त्यालाही. एक ओळ, एक मत.