संथा आणि सरकती इयत्ता

प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास वाचता येत नसेल, तर मजकूर त्याला वाचून दाखविला, समजावून सांगितला व तो त्याला समजला, असे शपथ देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याखाली नमूद करावे लागते. काही दिवसांपूर्वी आमच्या कचेरीत एक तरुण आला. आठवी उत्तीर्ण, सही मोठी वळणदार. सहीपूर्वी वाचावयास म्हणून कागद त्याच्या हाती दिला. अक्षरे जुळवीत तो दोन ओळी कसाबसा गेला आणि कागद खाली ठेवून म्हणाला, “वकीलबाब, तुमींच वाचात.” वर्षामागून वर्षे त्याच्या नावापुढे वरच्या वर्गात घातल्याची नोंद झाली असेल. ‘वाचले, समजले’ अशी नोंद करणे मात्र कोणाच्याच कामाचा भाग नव्हते.

अशी गोष्ट निघाली की आपल्याकडील सुशिक्षित मंडळी तात्काळ एका निदानावर येतात: मुलांना नापास करणे बंद केले, त्याचे हे फळ! हे निदान पुराव्यावर घासून पाहिले पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलास मागील वर्गात ठेवू नये, असे त्याच्या सोळाव्या कलमाने सांगितले. २०१९ साली ते बदलले. पाचवीच्या व आठवीच्या अखेरीस परीक्षा, अनुत्तीर्णास जादा शिकवणी, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा आणि त्यातही न निभावल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा सरकारांना मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या शाळांपुरते तसे नियमही केले.

आता आकडे पाहू. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची घरोघर जाऊन पाहणी करणारा ‘असर’ अहवाल सर्वपरिचित आहे. पाचवीतील किती मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात, हा त्यातील एक साधा प्रश्न. कायदा नुकताच लागू झाला त्या २०१० साली हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक होते; पुढील दोन वर्षांत ते घसरले, हे मान्य केलेच पाहिजे. महामारीनंतर २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांवर आले आणि २०२४ साली सुमारे ४९ टक्क्यांपर्यंत सावरले. परंतु २०१० सालची पाचवीतील मुले आपली पहिली वर्षे हा कायदा लागू होण्यापूर्वीच शिकली होती, आणि तरीही त्यांतील जवळजवळ निम्मी वाचू शकत नव्हती. तेव्हा छडी काढल्याने विद्या गेली, हे म्हणणे अर्धेच खरे. छडी होती तेव्हाही विद्या पुरती आलेली नव्हती.

मग दोष कोठे? आमच्या मते तो त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात, शेजारी शेजारी, उघडा पडलेला आहे. शिक्षकाची कर्तव्ये सांगताना ते कलम एका उपखंडात म्हणते की, संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पुरा करावा. आणि लगेच पुढच्या उपखंडात म्हणते की, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पारखून त्याप्रमाणे जादा शिकवावे. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही कर्तव्ये समान. वर्गात मात्र ती समान राहत नाहीत. पहिल्याचा हिशेब टाचणवहीत दिसतो, तपासनीस तो मागतो, पालकही ‘पोर्शन झाला का?’ एवढेच विचारतात. दुसऱ्याचा हिशेब केवळ मुलाच्या तोंडून निघू शकतो, आणि तो ऐकण्यास कोणाला सवड नसते. दोन आज्ञांपैकी जी तपासली जाते तीच पाळली जाते, हा अनुभव वकिलीत आम्हांस नित्याचा आहे. यात शिक्षकाला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे होणार नाही.

या पत्राच्या वाचकांना संथा म्हणजे काय ते सांगावयास नको. गुरूने चरण म्हणावा, शिष्याने तो पुनःपुन्हा म्हणावा, आणि तो पक्का झाल्याखेरीज पुढचा चरण मिळू नये. येथे शिष्याच्या जिव्हेप्रमाणे पाठ सरकतो. शाळेत दिनदर्शिकेप्रमाणे पाठ सरकतो आणि शिष्य मागे राहतो. परंतु जुन्याचा अभिमान धरतानाही प्रामाणिक असावे. संथेने उच्चार पक्का केला, अर्थाची हमी दिली नाही; आणि तिचे दार मोजक्यांनाच उघडे होते. आम्हांस संथेतून घ्यावयाचे आहे ते पाठांतर नव्हे. पुढे जाण्यापूर्वी थांबून ऐकून घेण्याची शिस्त.

ही शिस्त सार्वत्रिक शाळेत अशक्य आहे असेही नाही. या शतकाच्या आरंभी बडोद्यास व मुंबईस एक प्रयोग झाला. तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन वस्तीतल्याच तरुण ‘बालसखीं’नी त्यांना वाचन व अंकगणित शिकविले. प्रगती स्पष्ट दिसली आणि ती मुख्यतः याच मुलांची होती. त्या प्रयोगाच्या अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो होते. २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे ते मानकरी. मदत थांबल्यावर वर्षभरात बराच लाभ ओसरला, हेही त्यांनीच नोंदविले. त्याचा अर्थ इतकाच की, हे काम एकदा करून सोडून देण्याचे नव्हे.

म्हणून पाचवीला परीक्षा असावी की नसावी या वादात आम्हांस फारसा रस उरलेला नाही. परीक्षा असो वा नसो, जादा शिकवणीचे ते दोन महिने खरोखर भरतात का, कोण भरवितो, याची विचारणा व्हावी. पालकसभेत पोर्शनाची चौकशी करण्याआधी आपल्या मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचावयास लावावा. मग पुस्तक मिटून त्याचा अर्थ घरच्या बोलीत सांगावयास सांगावे. कोंकणीत सांगितला तरी तो अर्थच होय. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा उत्सवाचे दिवस सोडल्यास बव्हंशी रित्या असतात. तेथे संध्याकाळचा एक तास, कोणत्याही घरच्या मुलासाठी, वाचून घेण्यास मिळाला तर वावगे काय?

त्या तरुणाला आम्ही कागद वाचून दाखविला, समजावला, आणि खाली तशी नोंद झाली. त्या नोंदीखालील सही त्याची होती. तिच्यामागील अपयश मात्र त्याचे एकट्याचे नव्हते.